रात्री नऊनंतरचा बेस

ज्या मटाटूत, म्हणजे नैरोबीतल्या खाजगी मिनीबसमध्ये, बसल्याबरोबर पोटातली मक्याची उगाली हलायला लागते, त्या गाडीचे स्पीकर क्यालोच्या हातचे, असं किरिन्यागा रोडवरच्या गॅरेजांमध्ये बोललं जायचं. अठरा वर्षं तो मटाटूंना गाणं बसवत होता. ड्रायव्हर लोक त्याच्यासाठी गाडी दोन-दोन दिवस उभी ठेवायचे, कारण उतारू गाडीचा रंग बघून चढत नाहीत, बेस ऐकून चढतात. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाची पाठ हादरली नाही, तर क्यालो स्वतःहून काम परत उघडायचा. कुणी सांगायची वाट बघायचा नाही.

अशा माणसाला स्वतःच्या घरातला बेस आवरता येईना, ही त्या वर्षी नैरोबीच्या उमोजा वस्तीतल्या त्याच्या सहा मजली इमारतीत सगळ्यांना पुरलेली गंमत होती. क्यालो सोडून सगळ्यांना.

"दुसरी तक्रार आली," गिथिंजी म्हणाला. गिथिंजी म्हणजे इमारतीचा केअरटेकर. किल्ल्यांचा जुडगा आणि मालकाचा राग हे दोन्ही तोच सांभाळायचा. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. वाईट बातमी असली की तो उंबरा ओलांडत नसे.

"कुणाची?"

"कुणाची काय विचारतोस? तुझ्या खालच्या मजल्यावर दुसरं कोण राहतं? इमानीच्या आईची."

"अरे, गाणी इतकी हळू असतात की मलाच नीट ऐकू येत नाहीत."

"गाण्यांचं कोण बोलतंय? ती म्हणते, रात्रभर कुणीतरी तिच्या पलंगाला लाथा मारतंय. पोरगी झोपत नाही, ती झोपत नाही, आणि चार वाजता उठून न्याहारीला विकायची मंदाझी तळायला बसायचं असतं तिला." गिथिंजीने जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "नियम तुला माहीत आहे, भाऊ. तिसरी तक्रार आली की महिनाअखेर खोली खाली. तेव्हा मालक मला विचारणार नाही आणि मीही तुला विचारणार नाही."

"माझी आई आहे रे घरात."

"म्हणून तर दुसरीलाच सांगायला आलो. नाहीतर तिसरीलाच आलो असतो."

क्यालो दार लावून आत आला. आई सोफ्यावर बसून चवळी निवडत होती. गिथिंजी आला नि गेला, याचा तिला पत्ताही नव्हता.

कातुंगेचं वय एकाहत्तर. तिचे कान एका दिवसात गेले नव्हते. आधी कोंबड्या ऐकू येईनाशा झाल्या, मग फोन, मग माणसं. गावी, मकुएनीच्या घरी, नवरा होता तोवर तिचं काही अडलं नाही, कारण तो हाताला धरून, खुणा करून सगळं सांगायचा. एप्रिलमध्ये तो गेला. मे महिन्यात क्यालो आईला नैरोबीला घेऊन आला, आणि पहिल्याच रात्री त्याला कळलं की आई झोपत नाही.

ती रात्री उठायची. अंधारात भिंत चाचपत चालायची, दाराची कडी खडखडवायची, पुन्हा आत यायची, पुन्हा जायची. अकरा रात्री क्यालो दाराला आडवी गादी टाकून झोपला. नवी जागा आहे, होईल सवय, असं तो स्वतःला समजावत राहिला. बाराव्या दिवशी, रविवारी, त्याने गॅरेजातून एक बिघडलेला वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, दुरुस्तीला घरी आणला आणि जमिनीवर ठेवून चालू करून पाहिला. आई सोफ्यावर बसली होती, पाय उघडे. तिने मान वर केली. दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकवले. आणि थोड्या वेळाने बसल्या जागीच तिची मान कलली. पाच तास झोपली. क्यालोने तिच्या अंगावर चादर टाकली, पण वूफर बंद करायचं धाडस त्याला झालं नाही.

तेव्हापासून वूफर घरातलाच झाला. रात्री कांबा भाषेतली जुनी गाणी अगदी हळू लावायची आणि बेस मात्र पूर्ण ठेवायचा. कामही त्याने नीट केलं. मटाटूत वूफरचा डबा सैल सोडला तर पहिल्याच गतिरोधकाला तो उतारूच्या मांडीवर येऊन बसतो, म्हणून डबा जमिनीत चार बोल्टांनी आवळायचा, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. क्यालोने घरीही ड्रिल घेतलं आणि चार बोल्ट थेट सिमेंटात मारले. डबा तसूभर हलत नव्हता. आई रात्रभर झोपत होती. त्याला वाटलं, आपली काळजी मिटली.

आता ती खालून वर आली होती. खोली सोडायची म्हणजे दुसरी शोधायची, आणि दुसऱ्या इमारतीतही कुणाच्या तरी डोक्यावरच राहायचं. वर म्हातारी रात्री हिंडते हे कळलं की कुठला मालक दार उघडणार? उरलं मकुएनीचं घर. ते कुलूपबंद होतं आणि मोंबासाच्या हमरस्त्यापासून चार पावलांवर होतं. तिथे आई एकटी राहिली तर एखाद्या रात्री ती चालत चालत ट्रकच्या उजेडात जाईल, हे क्यालोला लख्ख दिसत होतं. 

गुरुवारी संध्याकाळी त्याने फोन हातात घेतला. वूफरच्या अॅम्प्लिफायरला फोनवरून वेळ लावून देता येत होती. आजवर क्यालोने ती सोय उघडूनही पाहिली नव्हती, कारण कुठल्याही मटाटूवाल्याने त्याला आवाज आपोआप कमी व्हावा असं सांगितलं नव्हतं. चंद्राचं चित्र होतं, त्यावर बोट ठेवलं. कधीपासून? रात्री नऊ. कधीपर्यंत? सकाळी सहा. बेस किती? इथे बोट अडलं. शून्य करायचा धीर होईना. त्याने थोडासा ठेवला, आईपुरता, आणि इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं: "आजपासून रोज रात्री नऊ ते सकाळी सहा आमच्या घरचा बेस आपोआप कमी होईल. झालेल्या त्रासाबद्दल माफी असावी."

तीन जणांनी अंगठा दाखवला. पाचव्या मजल्यावरच्या एकाने लिहिलं, "आता मटाटूलाही लावा असं काही." इमानीच्या आईने वाचलं, पण उत्तर दिलं नाही.

नऊ वाजले. डब्यातला धडधडाट खाली बसला, जणू कुणी त्याच्यावर गोधडी टाकली. क्यालोला इतक्या महिन्यांत प्रथमच शांत वाटलं. आई झोपली होती. दाराशी गादी टाकायची सवय मोडलीच होती, तो आपल्या पलंगावर पडला आणि गाढ झोपला. नको तेव्हा माणसाला झोप लागते ती अशी.

सव्वाचारला दार वाजलं.

दारात इमानीची आई उभी होती. तिचं नाव न्याबोके. नवरा कंपालाच्या वाटेवर ट्रक चालवायचा, त्यामुळे घर, पोरगी आणि मटाटूच्या थांब्यावरची मंदाझीची गाडी हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं. तिच्या हातांना कोपरापर्यंत पीठ लागलं होतं, आणि त्या पिठाच्या हातात कातुंगेचा दंड होता. म्हातारी झोपायच्या झग्यात होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

क्यालोने आईचा दुसरा हात धरला.

"दुसऱ्या मजल्यावर सापडली," न्याबोके म्हणाली. "मी पाणी आणायला बाहेर पडले तर ही खाली उतरताना दिसली. प्रत्येक दाराशी थांबत होती. वाजवत नव्हती, नुसता तळवा टेकवून उभी राहायची. मग पुढच्या दाराशी. मी हाका मारल्या, वळली नाही. मला वाटलं, शिष्ट आहे."

"तिला ऐकू येत नाही."

"ते हात धरल्यावर कळलं. आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

 त्याने आईला आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, पाय पुसले. न्याबोके जायला वळली आणि थांबली. मग न विचारता स्वयंपाकघरात शिरली आणि चहाचं आधण ठेवलं. पीठ खाली तसंच पडलंय, पोरगी एकटी झोपली आहे, हे बोलून दाखवत तिने तीन कप भरले.

कातुंगेने कप दोन्ही हातांत धरला. न्याबोके समोर बसली आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश विचारलं, "आजी, कुठे निघाला होतात?"

कातुंगेची स्वाहिली बाजारात शिकलेली होती, मोडकी, आणि बहिऱ्या माणसाची असते तशी मोठ्या आवाजातली. "कोण आहे का बघायला," ती म्हणाली.

"घरात मुलगा आहे की."

"आहे हे मला अंधारात कसं कळायचं? खालची जमीन हलत होती तोवर कळत होतं. आज थांबली."

क्यालो तिच्या शेजारी टेकला. कातुंगे कपाकडे बघत बोलत राहिली, आणि ती मुलाशी बोलत नव्हती, समोरच्या परक्या बाईशी बोलत होती.

"ह्याचा बाप रात्री गेला. हाका मारत होता. तीन घरं पलीकडच्या बाईला ऐकू गेलं, ती धावत आली. मी त्याच्याच शेजारच्या खाटेवर होते. मी झोपले होते. हाताच्या अंतरावर होते बघ, आणि झोपले होते."

क्यालोने कप खाली ठेवला. ही गोष्ट त्याने आईपासून लपवली होती. शेजारणीकडून वचन घेतलं होतं, काकांकडून घेतलं होतं, सगळ्या गावाला बजावलं होतं. तो तिच्यासमोर वाकला, म्हणजे तिला त्याचं तोंड दिसेल. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? ऐकू येत नाही, दिसतं की. मयताला आलेली माणसं बोलता बोलता माझ्याकडे बघत होती."

"मग मला का नाही बोललीस इतके दिवस?"

"बोलून काय झालं असतं? तो परत आला असता?" तिने चहाचा घोट घेतला. "आता जमीन हलायची थांबली की वाटतं, कुणीतरी हाक मारतंय आणि मी झोपलेय. मग उठून बघावं लागतं. बघितल्याशिवाय पाठ टेकत नाही."

क्यालो रडला. आईसमोर आणि खालच्या मजल्यावरच्या बाईसमोर, बाहीने नाक पुसत. अठरा वर्षं लोकांच्या पाठी हादरवल्या आणि आईला त्या हादऱ्यातून काय कळतंय, हे आपल्याला एकदाही सुचलं नाही, याची त्याला लाज वाटली. आई वाकडं तोंड करून त्याच्याकडे बघत होती, कारण चहा गार होत होता.

न्याबोकेने रिकामा कप खाली ठेवला. झग्याच्या खिशातून फोन काढून तिने क्यालोसमोर धरला. तिसरी तक्रार लिहून तयार होती, फक्त पाठवायची राहिली होती.

"आता पाठवू नका," क्यालो म्हणाला.

"पाठवत नाही. पण पुसतही नाही. मला खोटं बोलता येत नाही, बाबा, आवाज अजून येतोय. काल नऊनंतर कमी झाला, गेला नाही. पोरगी दोनदा उठली. म्हातारीसाठी माझा जीव तुटतो, पण मला पण चार वाजता उठायचंय." ती दाराशी गेली. "रविवारी दुपारी खाली ये. माझ्या खोलीत बसून ऐक. वर बसून खालच्याचं काय कळणार तुला?"

शुक्रवारी आणि शनिवारी क्यालो पुन्हा दाराशी आडवा झोपला. आई पुन्हा त्याला ओलांडू पाहत होती.

रविवारी तो खाली गेला तेव्हा गिथिंजी आधीच येऊन बसला होता. नवरा गावाला असताना परका पुरुष घरात यायचा तर साक्षीला कुणी हवं, असं त्याचं म्हणणं. त्याच्यासमोर मंदाझीची ताटली होती आणि साक्षीचं काम तो मन लावून करत होता. क्यालोने वर वूफर रात्रीच्याच बेसवर लावून ठेवला होता.

न्याबोकेने त्याला झोपायच्या खोलीत नेलं. इमानी पलंगावर बसून एका चमच्याला चावत होती. "बस इथे. आणि बोलू नकोस."

क्यालो बसला. गाणं नव्हतं, गिटार नव्हती, गाणाऱ्याचा आवाज नव्हता. एवढंच, की दर क्षणाला पलंग खालून कुणीतरी ढोसत होतं. धप्. धप्. मंद, न थांबणारं. कानांना ते ऐकूही येत नव्हतं, दातांना कळत होतं. पाच मिनिटं तो तसाच बसला आणि पाचव्या मिनिटाला त्याला वाटलं, उठून कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी.

"हे रोज?" त्याने विचारलं.

"रात्रभर. आणि हे कमी केलेलं आहे, बरं का."

त्याला कळेना. इतक्या कमी बेसवर असं व्हायला नको होतं. अॅम्प्लिफायर त्याच्या ओळखीचा होता, डबा त्याने स्वतः बांधला होता. तो स्टूल घेऊन त्यावर चढला आणि डबा वर जिथे असेल तिथे छताला तळवा लावला. मग इंच इंच सरकवत राहिला. हात एका जागी थांबला. मग दुसऱ्या. तिसऱ्या, चौथ्या. चार ठिकाणी छत जिवंत होतं आणि मधे मुकं होतं.

क्यालोने त्याच हाताने कपाळ बडवून घेतलं.

"काय झालं?" न्याबोके म्हणाली.

"बोल्ट. मी त्याला जमिनीत बोल्ट मारलेत. तुमचं छतच माझा स्पीकर झालंय."

बाहेर गिथिंजीचं चावणं थांबलं. तो ताटली घेऊनच दारात आला. "मालकाच्या फरशीत भोकं पाडलीस?"

"मटाटूत पाडतात."

"ही काय मटाटू आहे? हिला चाकं आहेत? हॉर्न आहे?"

"सवयीने झालं."

"सवयीने उद्या दारात कंडक्टर उभा करशील," गिथिंजी म्हणाला. पण तो आत आला, आणि त्यानेही स्टुलावर चढून छताला हात लावून बघितला. "अरे, खरंच की," तो म्हणाला, आणि हात बराच वेळ काढला नाही.

मटाटूच्या आत क्यालोने आयुष्य काढलं होतं, पण मटाटूच्या जमिनीखाली कुणी राहत नाही. तिथे हादरा रस्त्याला जातो आणि रस्ता तक्रार करत नाही. हे त्याने न्याबोकेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी रस्ता नाही." 

कोपऱ्यावर एक म्हातारा जुन्या टायरच्या चपला कापत बसायचा. क्यालोने त्याच्याकडून जाडजूड तळ घेतले, सोळा. एवढे पाय कुणाचे, असं म्हाताऱ्याने विचारलं. वर येऊन त्याने बोल्ट उपटले, डबा उचलला आणि प्रत्येक कोपऱ्याखाली दोन-दोन तळ सारले. न्याबोके खाली फोन कानाला लावून उभी होती.

"आता?"

"आहे. पण लांब गेलंय."

त्याने रात्रीचा बेस एका बोटाने शून्यावर आणला. "आता?"

"थांब. नाही, तो फ्रिज आहे." फोनमधून तिचा पलंग करकरला. "नाही. काही नाही."

अर्धं काम झालं होतं, पण क्यालोचं मन दुसऱ्या अर्ध्यात होतं. शून्यावर खालची झोपेल आणि वरची उठेल. त्याने सोफ्यामागचं खोकं ओढलं. मटाटूच्या मागच्या सीटखाली बसवतात ते मुठीएवढं यंत्र त्यात होतं. त्याला आवाज जवळजवळ नसतोच, ते नुसती सीट हादरवतं आणि उतारूला वाटतं आपण गाण्यात बसलोय. बोल्ट मारायची हौस त्याने इथे फेडून घेतली. यंत्र आईच्या पलंगाच्या फळीला खालून आवळलं, आणि पलंगाच्या चारही पायांखाली उरलेले तळ ठेवले, म्हणजे फळीतलं फळीतच राहील. मग फोन. रात्री नऊ: मोठ्या डब्याचा बेस शून्य. रात्री नऊ: पलंग चालू. सकाळी सहा: उलट. तीन ओळी होत्या. तरी त्याने त्या चारदा वाचल्या.

त्याने पलंग आत्ताच चालू केला आणि आईला झोपून बघ म्हणून खूण केली. ती चपलांसकट आडवी झाली. एक तळवा फळीवर ठेवला. क्यालो तिच्या तोंडाकडे बघत होता, गिथिंजीही बघत होता.

"हां," कातुंगे म्हणाली. "आहे. कुणीतरी आहे."

फोनमध्ये न्याबोके विचारत होती, "कधी चालू करणार? मी उभी आहे ना ताटकळत."

"चालू आहे."

"काय बोलतोस."

"देवाशपथ चालू आहे. गिथिंजीला विचारा."

गिथिंजीने पलंगाच्या कडेवर बूड टेकवलं आणि जरा वेळ तिथेच बसून राहिला. "चालू आहे," त्याने फोनकडे तोंड करून सांगितलं. मग क्यालोला हळूच म्हणाला, "माझी पाठ दुखते रे हल्ली. माझ्याही पलंगाला बसवून दे." भोकांचं तो तेवढ्यापुरता विसरला होता.

"आजची रात्र जाऊ दे," न्याबोके फोनवर म्हणाली. "मग पुसते लिहिलेलं."

त्या रात्री क्यालोने दाराशी गादी टाकली, विश्वास होता तरी टाकली. नऊ वाजायला आले तसा तो डब्यासमोर उकिडवा बसला. नऊला डबा गप्प झाला. तो आईच्या खोलीत गेला आणि फळीला बोट लावलं. फळी हलत होती. आई कुशीवर होती. तो दाराशी येऊन पडला आणि डोळे उघडे ठेवायचे ठरवले. अकरा वाजेपर्यंत ते जमलं.

दार वाजलं तेव्हा तो दचकून बसला. साडेचार. कडी आतून लागलेली, गादी जागेवर, म्हणजे आई बाहेर नव्हती. मग ही न्याबोके. मग ही तिसरी तक्रार. गादीवर बसल्या बसल्या त्याच्या डोळ्यांसमोर मकुएनीच्या घराचं कुलूप आलं. नियम म्हणजे नियम, गिथिंजी तरी काय करणार. त्याने गादी बाजूला सारली आणि दार उघडलं.

न्याबोके जिना धावत चढून धापा टाकत होती. पुन्हा पिठाचे हात.

"ऐकू येतंय?" क्यालोने विचारलं.

"काही ऐकू येत नाही."

"मग?"

"मग काय मग? तीन महिने रात्रभर ऐकतेय मी. आज काही म्हणजे काही नाही. पोरगी उठली नाही, मी उठले नाही. चार वाजता डोळा उघडला, पीठ मळायला घेतलं, आणि एकदम वाटलं, वर एवढं शांत का? म्हातारीला काही…" तिने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. "बघितलंस का तू तिला? जा, बघ जरा."

 दोघं आत गेली. त्याने दिवा लावला.

कातुंगे कुशीवर होती, तोंड थोडं उघडं, एक हात गालाखाली. काही क्षण दोघांनाही काही कळलं नाही. मग चादर वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. न्याबोकेने पलंगाच्या फळीवर हात ठेवला, पीठ फळीला लागलं, आणि तिने सोडलेला श्वास क्यालोला ऐकू आला. त्याचाही जीव भांड्यात पडला. तो भिंतीला टेकला. त्याला हसावंसं वाटत होतं. खालच्या मजल्यावरची ही बाई तक्रार पाठवायची सोडून पिठाच्या हातांनी धावत वर आली होती आणि आता त्याच्या आईच्या चादरीचं टोक सारखं करत होती.

उजेडाने कातुंगेचे डोळे उघडले. पहाटेच्या वेळी पलंगाशी दोन माणसं उभी असलेली बघून तिचा चेहरा उतरला. ती कोपरावर उठली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

क्यालो तिच्यासमोर वाकला, ओठ नीट दिसतील असा. "कुणी नाही गेलं, आई. सगळे आहेत. ही तुला बघायला आली."

कातुंगेने मुलाकडे बघितलं, मग न्याबोकेकडे, मग पुन्हा मुलाकडे. दोघंही उभी होती, दोघंही श्वास घेत होती.

"मग उठवता कशाला?" ती म्हणाली. "झोपू द्या की माणसाला." आणि भिंतीकडे तोंड करून तिने चादर डोक्यावर ओढली.

न्याबोकेने दिवा मालवला. दोघं चवड्यांवर, पावलांचा आवाज होऊ न देता खोलीबाहेर आली आणि क्यालोने दार अगदी हळू लोटलं. म्हातारीला ऐकू येत नाही, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.